हलक्या बॅटरीवरची भाऊबीज

आमच्याकडं बॅटरी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. कोणत्या कंपनीची तेही विचारत नाही. ते वाकतं, बॅटरीच्या दोरीत बोटं घालतं आणि एका हिसक्यात ती जमिनीवरून उचलून बघतं. "हां, वजन हाय," असे शब्द तोंडातून आले की समजायचं, निम्मा सौदा झाला. मग खुर्ची पुढं करायची आणि चहा सांगायचा.

ह्यात त्यांची चूक नाही. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात सगळं काट्यावर ठरतं. उसाची ट्रॉली आधी वजनकाट्यावर जाते, मग कारखान्यात. कांदा काट्यावर, मका काट्यावर, बकरी ईदचा बोकडसुद्धा काट्यावर. काट्यावर भरलं तेच खरं, बाकीच्या गप्पा. अशा मुलखात मी उभा जन्म शिशाच्या बॅटऱ्या विकल्या आणि दुरुस्त केल्या. शिसं म्हणजे वजनच वजन. धंद्याला मुलूख बरोबर सापडला होता.

माझं नाव दस्तगीर. इंदापूर रस्त्याला दुकान आहे. आता ते मुलगा बघतो आणि मी स्टुलावर बसून त्याला त्रास देतो. संपादकांचा आग्रह, आयुष्यभराचे अनुभव लिहा. आयुष्यभराचे लिहिले तर वाचणारा पहिल्या पानावरच घोरायला लागेल. म्हणून मी एकाच बॅटरीची हकिगत सांगणार आहे, जिची आठवण आली की मला अजून स्टुलावर बसवत नाही. मात्र तिच्यापर्यंत पोचायच्या आधी थोडं इकडचं तिकडचं ऐकून घ्यावं लागेल, त्याला इलाज नाही.

आमच्या धंद्यात बॅटरी कमी आणि माणसं जास्त बिघडलेली येतात. पणदऱ्याच्या एका म्हाताऱ्या आजींना जावयानं सांगितलं होतं की इन्व्हर्टरच्या बॅटरीत शुद्ध पाणी घालायचं. आजींनी देवघरातला गंगेच्या पाण्याचा बंद तांब्या फोडला आणि सगळा बॅटरीत ओतला. बॅटरी गेली. मी हळूच म्हटलं, आजी, डिस्टिल वॉटर घालायचं असतं. आजी माझ्यावरच उखडल्या. "ह्याच्यापरीस शुद्ध पानी कुठं मिळतंय ते सांग की मला!" बॅटरीला मोक्ष मिळाला म्हणायचं आणि नवी द्यायची.

माळेगावला ऊस ओढणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं गाडीवर भोंगा बसवला होता. रोज बॅटरी चार्जिंगला आणायचा आणि ती होईपर्यंत दुकानासमोर बैल सोडून बसायचा. म्हटलं, बाबा, एक दिवस गाण्याशिवाय जा. तर म्हणाला, "मला चालंल वो. बैल न्हाय हालत. गानं थांबलं की ती बी थांबत्यात."

आणि एक इंदापूरकडचा शेतकरी. त्याला बॅटरीतलं पाणी कुठपर्यंत आहे ते बघायचं होतं. खोपटात अंधार, म्हणून पठ्ठ्यानं झाकण काढून काडी पेटवली आणि वाकून आत बघितलं. शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून एक गॅस निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण ठिणगी दिसली की तो सुतळी बॉम्बसारखा उडतो. तशीच ती बॅटरी उडाली. डोळे वाचले हे त्याचं नशीब, पण दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी घ्यायला आला तेव्हा कपाळाखाली भुवया नव्हत्या. येताना हसत होता. मला मात्र हसू आलं नाही. तेव्हापासून माझ्या दुकानात बिडी ओढणाऱ्याला मी रस्ता ओलांडून पलीकडं पाठवतो, मग तो सरपंच असो की सासरा. हा बिनभुवयांचा माणूस लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा येणार आहे.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. एक जुनी बस दुकानासमोर येऊन थांबली. पिवळ्यावर निळा रंग मारलेला, तरी मागं 'शाळेची बस' ही अक्षरं पुसट दिसत होती. खिडक्यांना पडदे, टपावर सोलरची पाटी, आणि ड्रायव्हरच्या काचेपुढं तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. स्टिअरिंगवरून भानुदासतात्या उतरले. निरवांगीचे तात्या म्हणजे शाळेची बस चालवून रिटायर झालेला माणूस. बस भंगारात निघाली तेव्हा तिला सोडवेना म्हणून त्यांनीच ती घेतली, बाकडी काढली आणि आत पलंग, ओटा, कपाट सगळं करून घेतलं. शहरात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. निरवांगीत तिला 'तात्याचा बंगला' म्हणतात.

"दस्तगीरभाई, फसवलं बघा मला," तात्या उतरता उतरताच सुरू झाले. "ट्रॅक्टरच्या दोन नव्याकोऱ्या बॅटऱ्या टाकल्या व्हत्या आतल्या लाईटीला. म्हयनाभर बी टिकल्या न्हाईत. अन् ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या वढतोय की हिच्यावर!"

"ट्रॉल्या इंजिन वढतंय, तात्या. बॅटरी निस्ती त्याला जागं करतीया."

बाहेरच्यांसाठी इथं थोडं सांगतो. बॅटरीच्या दोन जाती. एक शर्यतीचा बैल. किल्ली फिरवली की क्षणभर जीव तोडून झेप घ्यायची आणि मग दिवसभर आराम. ट्रॅक्टर, ट्रक, बसच्या इंजिनाची बॅटरी ती. दुसरा औताचा बैल. त्याला झेप नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका चालीनं राबतो. दिवे, पंखे, यंत्रं चालवायची तर ही जात लागते. शर्यतीचा बैल औताला जुंपला तर पहिले दोन दिवस लोक टाळ्या वाजवतात, आणि मग तो बसतो तो उठत नाही. तात्यांनी नेमकं तेच केलं होतं.

मी विचारलं, बंगल्यात चालवायचंय काय? पंखा? टीव्ही?

तात्यांनी बसचं मागलं दार उघडलं. आत पलंगावर त्यांची बायको बसली होती. सगळं गाव तिला आक्का म्हणतं, मीही आक्काच म्हणायला लागलो. नाकाला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बॅगेएवढ्या एका यंत्रात. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं ते यंत्र. आक्काची फुप्फुसं थकली होती. यंत्राशिवाय थोडा वेळ निघायचा, पण बोलायला लागलं की दोन शब्दांवर दम संपायचा. यंत्र विजेवर चालतं, त्यामुळं घराचा उंबरा सोडून आक्का आजवर कुठं गेल्याच नव्हत्या; आज बसचं इंजिन चालू ठेवून तात्यांनी त्यांना कसंबसं दुकानापर्यंत आणलं होतं. जिथं वायर संपते तिथं त्यांचं गाव संपायचं.

"भाऊबिजंला जायचंय मला," आक्का म्हणाल्या. "नांदेडला. अण्णाकडं."

अण्णा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नांदेडजवळच्या एका कारखान्यात फिटर होता, तिकडंच राहिला. पण दर भाऊबिजेला एसटीनं निरवांगीला यायचा, एकदाही चुकला नाही. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. तो येऊ शकेना, ही जाऊ शकेना. गेल्या भाऊबिजेला नातीनं मोबाईलवर अण्णाचा चेहरा लावून दिला आणि आक्कांनी मोबाईलला ओवाळलं.

"मोबाईलला कपाळ आसतं व्हय?" आक्का मला म्हणाल्या. "कुकू लावाय गेले तर फोन बंद पडला."

हे सांगताना त्या हसल्या. त्या बसमध्ये पंखा चालवायचा नव्हता, टीव्ही नाही. एका बाईचा श्वास चालवायचा होता, निरवांगीपासून नांदेडपर्यंत आणि परत. मी खरंच सांगतो, इतक्या वर्षांत मला कधी असं काम मिळालं नव्हतं. मी बाह्या सरसावल्या.

पहिलं काम, यंत्र किती वीज पितं ते मोजायचं. आक्कांना दुकानासमोरच बसमध्ये बसवलं, दुकानातली वायर आत नेली आणि मधे मीटर जोडला. मी मीटर बघतोय आणि आक्का खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतायत. ट्रॅक्टरवाले, दूधवाले, माझी बायको. दुपारपर्यंत माझ्या बायकोनं आत पलंगावर बसून लसूण सोलायला घेतला होता. बॅटरी म्हणजे टाकी, यंत्र म्हणजे चालू ठेवलेला नळ. नळ किती मोठा ते कळलं की टाकी केवढी हवी ते कळतं. शिवाय चालत्या गाडीत इंजिन टाकी भरत राहणार, ऊन असलं की टपावरची पाटी भरणार. सगळा हिशेब करून मी म्हटलं, औताच्या जातीच्या दोन मोठ्या शिशाच्या बॅटऱ्या लागतील.

तात्यांनी त्यातली एक उचलायला हात घातला. उचलेना. इतके खूश झाले!

"ह्याला म्हनत्यात बॅटरी!"

बॅटऱ्या ठेवायच्या होत्या मागल्या दाराशी, लाकडी बाकाच्या पोटात. तिथून वायर जवळ पडते आणि वजन चाकावर येतं. सुताराकडून बाक करून घेतला, वर फळी बसवली. बॅटऱ्या आत ठेवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि आक्का नळी सांभाळत येऊन त्या फळीवर बसून बघायला लागल्या.

"दस्तगीरभाऊ, ही फळी जरा गुळगुळीत करून घ्या. मी हितंच बसणार. मला काय पायऱ्या उतराय जमायचं न्हाय, अन् अण्णाला चढाय. मग त्यो खाली खुर्चीवर, मी वर फळीवर, मधी उघडं दार." त्यांनी फळीवर हात फिरवला. "ताट हितं. निरांजन हितं."

माझ्या हातातला पाना हातातच राहिला. मला समोर तो बिनभुवयांचा माणूस दिसायला लागला. फळीखाली दिवसभर चार्ज होत, गॅस सोडत आलेल्या दोन बॅटऱ्या, आणि फळीवर पेटलेलं निरांजन. मी टाकीचा हिशेब केला होता, नळाचा केला होता, वजनाचा केला होता. भाऊबिजेला दिवा लागतो हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. दिव्याशिवाय भाऊबीज असते का कुठं!

शिवाय ऑक्सिजन. मी लगेच तात्यांना आक्कांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. ते म्हणाले, नळी नाकाला असताना जवळ ज्योत अजिबात नको, जिवावर बेतेल. ओवाळायचंच असेल तर यंत्र बंद करा, नळी काढून लांब ठेवा, दारंखिडक्या उघडून हवा खेळू द्या, मग दिवा लावा. आक्कांना तेवढा वेळ झेपेल, पण लांबवू नका.

म्हणजे यंत्र बंद करता येत होतं. शिशाच्या बॅटरीचं पोट कसं बंद करणार? गॅस नळीनं बाहेर सोडता येतो, कामात तशी रीतही आहे. पण खाली गॅस, वर ज्योत आणि मधे माझी एक प्लास्टिकची नळी, एवढ्या भरवशावर मी कुणाच्या बहिणीला बसवणार नाही. मी दोन्ही बॅटऱ्या उचलून दुकानात परत ठेवल्या.

दुकानात मुलानं आणलेली एक लिथियमची बॅटरी पडून होती. मोबाईलमधली लिथियम वेगळी, ही वेगळी. ही शांत डोक्याची जात, आतून बंद, पाणी नाही, ॲसिड नाही, हवेत गॅस सोडणं नाही. मी तिच्याकडं सवतीच्या पोराकडं बघावं तसा बघायचो. तिला उघडता येत नाही, प्लेटा बदलता येत नाहीत, माझ्या हातांना तिच्यात कामच नाही. ॲसिडनं भोकं पडलेले शर्ट घालून मी जे शिकलो त्यातलं तिला काहीच लागत नाही. पण त्या दिवशी मी तिला स्वतः उचलून बसपर्यंत आणली. एका हातानं.

तेच तात्यांना खुपलं. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, वरखाली केली, हलवून बघितली.

"रिकामी हाय ही."

"भरल्याली हाय, तात्या."

"दस्तगीरभाई, जलमभर काट्यावर जगलोय मी. हिच्यात काय बी न्हाय. माझ्या बायकूचा जीव ह्या रिकाम्या डब्यावर टांगू व्हय?"

मी म्हटलं, तात्या, शर्यत लावू. पोटात किती वीज मावते तो डब्यावर छापलेला आकडा दोघींचा एकच घेऊ. एकीकडं तुमची वजनदार, एकीकडं ही हलकी. दोघींवर ट्रकच्या हेडलाईटचे सारखेच बल्ब जोडू. जिचे बल्ब आधी मिणमिणतील ती हरली.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर जोडणी केली. दुकानाच्या फरशीवर डावीकडच्या रांगेत काळ्या शिशाच्या बॅटरीचे बल्ब, उजवीकडच्या रांगेत निळ्या लिथियमचे. तात्या खुर्ची टाकून बसले. बघता बघता ही बातमी रस्त्यावर फिरली. चहावाला आला, शेजारचा पंक्चरवाला आला, बैलांच्या शर्यतीचे दोन शौकीन आले आणि त्यांनी तर निवेदनच सुरू केलं. "डावीकडनं काळा, उजवीकडनं निळा, सुटल्यात जोड्या!" हरेल त्यानं चहा पाजायचा असं ठरलं. नव्वद टक्के गर्दी शिशाकडून. माझा मुलगा आणि आक्का, दोघेच लिथियमकडून. आक्का खिडकीतून ओरडायच्या, "निळ्या, पळ रं!"

जेवणाची वेळ झाली तोवर काहीच फरक नव्हता. तात्या मिशीत हसत होते. उन्हं कलली आणि डावीकडच्या बल्बांचा पांढरा उजेड पिवळा झाला. पिवळ्याचा तांबूस झाला. तात्या खुर्चीवरून उठून बल्बाजवळ जाऊन बसले. उजवीकडची रांग सकाळी होती तशीच लख्ख. मग डावीकडच्या बल्बांतल्या तारा नुसत्या उदबत्तीसारख्या लाल राहिल्या आणि गर्दीत असा कालवा झाला की रस्त्यावरची एसटी थांबून बघायला लागली! मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो. म्हणजे हरली ती माझीच बॅटरी, जिच्यावर माझं आयुष्य गेलं. छातीत बारीक कळ आली, नाही असं नाही. पण खेळ असा रंगला होता की कळ पुढं विसरून गेलो.

शिशाची बॅटरी पोटातलं सगळं देत नाही, निम्म्याच्या पुढं ओढली तर मरायला लागते. लिथियम जवळजवळ सगळं देते. हे मी तात्यांना समजावून सांगणार होतो, तर ते आधीच निळी बॅटरी मांडीवर घेऊन बसले होते.

"काट्यावर न्हाय भरत," ते म्हणाले, "पर खरी हाय. बशीव."

राहता राहिला दिवा. मी आक्कांना भीतभीत सुचवलं, पितळी निरांजनात छोटा बल्ब बसवून देतो, नळी काढायलाच नको. आक्का अशा काही बघायला लागल्या की मी दोन पावलं मागं सरकलो. "आदी मोबाईल ववाळला, आता बल्बानं ववाळू? भावाला ववाळायचंय मला, गनपतीचा मांडव सजवायचा न्हाय." मी विषय सोडला. पण आमच्या धंद्यात एक सवय असते, जिथं एक फ्यूज तिथं खिशात दुसरा. मी गुपचूप बाजारातून निरांजन आणलं, त्यात मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब बसवला, लांब वायर जोडली आणि हत्यारांच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवून दिलं.

पाडव्याच्या सकाळी आम्ही निघालो. मला तात्यांनीच ओढून नेलं. माझी बायको म्हणाली, "जावा खुशाल, पोराला तेवढीच इस्रांती." बस इंदापूर सोडून पुढं लागली, यंत्र आपलं घुर्र घुर्र करत होतं, आणि आक्का खिडकीला नाक लावून बसलेल्या. उजनीचं पाणी दिसलं तेव्हा लहान पोरीसारख्या ओरडल्या. मीटरचा आकडा बघून मी दर थोड्या वेळानं तात्यांना सांगायचो, "भरल्याली हाय!" आणि तात्या आनंदानं हॉर्न वाजवायचे.

बार्शीच्या पुढं ज्वारीच्या एका रानाजवळ सावलीला थांबलो. असली बस बघून रानातली माणसं गोळा झाली. तात्यांनी सगळ्यांना आतलं घर दाखवलं. आणि आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय कोण सोडतो? बसमध्ये ज्योत नको म्हणून गॅसची शेगडी काढून टाकली होती. तात्यांनी विजेची किटली काढली, पाण्यानं काठोकाठ भरली आणि बटण दाबलं. मी खाली उतरून टायर बघत होतो.

यंत्राची घुर्रघुर्र थांबली. मग वीज तुटल्याचा त्याचा बारीक, न थांबणारा इशारा सुरू झाला, कान फाडणारा. मी पळत वर चढलो. आक्का दोन्ही हातांनी पलंग धरून बसल्या होत्या, तोंड उघडं. तात्या हातात कप घेऊन पुतळा झालेले. रानातली एक बाई पदरानं आक्कांना वारा घालत होती.

मी किटलीची वायर ओढून काढली आणि ओरडलो, "तात्या, इंजिन चालू करा!" तात्यांनी कप टाकून स्टिअरिंग गाठलं. इंजिन लागलं, बॅटरीला वीज पोचली, आणि ती जागी झाली. यंत्र पुन्हा घुरघुरायला लागलं. त्या आवाजाइतकं गोड गाणं मी ऐकलेलं नाही.

लिथियमच्या पोटात एक मुकादम बसलेला असतो. कुणी एकदम फार ओढायला लागलं की तो सगळं काम बंद पाडतो, बॅटरी जळू नये म्हणून. किटली म्हणजे नळ नव्हे, टाकीला पाडलेलं भगदाड. हे तात्यांना घरीच सांगायला हवं होतं. मी श्वासाचा हिशेब केला, पाहुणचाराचा केला नाही. आक्कांना जरा दम आला तसं त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"च्या... झाला का... पावन्यांचा?"

चहा शेवटी रानातल्या माणसांनीच तीन दगडांच्या चुलीवर करून आम्हाला पाजला.

रात्री नांदेडला मुक्कामाला पोचलो. भाऊबिजेच्या सकाळी अण्णाच्या दारात बस मागल्या बाजूनं लावली. अण्णाच्या मुलानं त्याला खुर्चीसकट उचलून दारापुढं आणून बसवलं. एक हात मांडीवर निपचित, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोक्यावर नवी टोपी. आक्का फळीवर बसल्या, नवी हिरवी साडी नेसून. दोघांत हातभर अंतर. दोघं एकमेकांकडं नुसते बघत राहिले. अण्णाचे डोळे वाहत होते, चालत्या एका हातानं पुसून पुरेना.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं मी यंत्र बंद केलं, नळी काढून पुढं ड्रायव्हरच्या सीटवर नेऊन ठेवली, सगळ्या खिडक्या उघडल्या. हवा खेळेपर्यंत थांबलो. आक्कांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारीनं ओवाळलं. मग काडी ओढली. खिडक्या उघड्या, दार उघडं, दिवाळीतला वारा आरपार. काडी विझली. दुसरी ओढली, वात जरा धरली आणि विझली. तात्या आडोशाला धोतर धरून उभे राहिले, भावजयीनं पदर धरला. पुन्हा विझली. आक्कांचा श्वास आता ऐकू यायला लागला होता. अण्णासाठी तोंडातून शब्द काढायला गेल्या, "इडा..." आणि तिथंच थांबल्या. दम पुरेना. खिडक्या बंद करायच्या तर ऑक्सिजनची भीती, उघड्या ठेवायच्या तर वारा. आक्का हातातली काडी खाली ठेवायला तयार नव्हत्या.

अण्णानं जोर लावून तोंड उघडलं. जड जिभेनं एकेक शब्द बाहेर आला.

"ताई... नळी... लाव. मंग... ववाळ."

आक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी पेटी उघडली, तळातलं ते बल्बाचं निरांजन काढलं, फळीखालच्या बॅटरीला वायर जोडली आणि ताटात ठेवलं. छोटासा, पिवळा, न हलणारा उजेड. मग नळी आणून त्यांच्या नाकाला लावली आणि यंत्र चालू केलं.

मला वाटलं, आता शिव्या बसणार. आक्कांनी निरांजनाकडं बघितलं, भावाकडं बघितलं, आणि ताट उचललं. श्वास संथ झाला. आवाज परत आला, चांगला खणखणीत, रस्त्यापर्यंत जाईल असा.

"इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो!"

एक फेरा झाला, तीन झाले, पाच झाले. अण्णाच्या ओल्या तोंडावरून तो पिवळा उजेड वर जात होता, खाली येत होता. पाचावर थांबायची रीत, पण ताट थांबेना. दर फेऱ्याला आक्का पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या, सगळं वाक्य, न तोडता. शेवटी तात्याच म्हणाले, "आगं, पुरे की आता."

आक्कांनी ताट न थांबवता मला विचारलं, "दस्तगीरभाऊ, बॅटरी किती ऱ्हायलीया?"

मी मीटर बघितला. "लई हाय, आक्का."

"मंग गप बसा तुमी," त्या तात्यांना म्हणाल्या, आणि ओवाळत राहिल्या.